डेस्कटॉप संगणकावरील मध्यवर्ती आज्ञावली-भांडारे : उदय, अधिकार आणि मर्यादा

बाजारपेठांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. माल कोणाचा, यापेक्षा पेठ कोणाची, हा तो प्रश्न होय. मराठी कागदपत्रांत नव्या पेठा वसविल्याचे उल्लेख पुष्कळ सापडतात. उदमी लोक येऊन राहावेत म्हणून कौल द्यावयाचा, आरंभीची काही वर्षे जकात माफ करावयाची, पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडे सोपवावयाची आणि पेठ नांदती झाली म्हणजे जकात सुरू करावयाची, असा त्या व्यवस्थेचा सर्वसाधारण क्रम असे. व्यापारी मोकळेपणाने व्यापार करी हे खरे. परंतु वेशीतून आत कोणाला घ्यावयाचे आणि आत आल्यावर त्याने काय द्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार पेठ वसविणाराकडेच राही.

प्रस्तुत निबंधात अशाच एका अगदी अलीकडच्या पेठेचा विचार करावयाचा आहे. डेस्कटॉप संगणकासाठी लागणारे सॉफ्टवेअर, म्हणजेच आज्ञावली, एकाच मध्यवर्ती ठिकाणाहून तारेवाटे विकत देण्याची जी व्यवस्था गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत निर्माण झाली, ती ही पेठ होय. तिला येथे ‘मध्यवर्ती भांडार’ असे म्हटले आहे. अशा भांडाराची चार लक्षणे सांगता येतील. पहिले, अनेक कर्त्यांच्या आज्ञावली तेथे एका सूचीत मिळतात. दुसरे, किंमत देणे आणि माल घेणे या दोन्ही क्रिया तेथेच होतात. तिसरे, पुढील सुधारणाही त्याच मार्गाने येतात. चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणती आज्ञावली आत घ्यावयाची हे भांडाराचा मालक ठरवितो. पहिल्या तीन लक्षणांत ग्राहकाची सोय आहे; चौथ्यात सत्ता आहे. सोय आणि सत्ता यांची ही जोडी कशी जमली, आणि डेस्कटॉप संगणकावर ती पुरती का जमू शकली नाही, हा या निबंधाचा विषय आहे.

(१) आज्ञावली विक्रेय वस्तू कशी झाली

संगणकाच्या आरंभीच्या काळात आज्ञावली ही स्वतंत्रपणे विकावयाची वस्तूच नव्हती. यंत्र घेणाऱ्यास किंवा भाड्याने लावणाऱ्यास ती यंत्राबरोबरच मिळे. या स्थितीत पालट झाला तो इ. स. १९६९ मध्ये. त्या वर्षी २३ जून रोजी आय. बी. एम. कंपनीने यंत्र, सेवा आणि काही आज्ञावली यांचे मोल निरनिराळे आकारण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकन सरकारने या कंपनीविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला होता, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. आज्ञावलीचा स्वतंत्र बाजार जन्मास आला तो मक्तेदारीच्या वादाच्या छायेत, आणि पुढील सर्व इतिहासावर ती छाया कमीअधिक प्रमाणात राहिलेली आहे.

घरगुती संगणक आल्यावर एक नवी अडचण उभी राहिली. आज्ञावलीची प्रत काढण्यास खर्च जवळजवळ नाही. मग ती विकावयाची कशी? बिल गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून जे अनावृत पत्र लिहिले, त्यात आपली बेसिक ही आज्ञावली बहुतेकांनी पैसे न देता वापरली अशी तक्रार होती. या अडचणीवर बाजाराने दोन उपाय काढले. पहिला उपाय पेटीचा. तबकडी आणि छापील पुस्तिका एका पेटीत घालून दुकानाच्या फळीवर मांडावयाची. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांची व्हिझिकॅल्क ही हिशेबाची आज्ञावली १९७९ मध्ये आली आणि तिच्यासाठी लोक ॲपल-२ हा संगणक घेऊ लागले. यंत्रासाठी आज्ञावली नव्हे, तर आज्ञावलीसाठी यंत्र, असा क्रम तेव्हापासून सुरू झाला. पेटीच्या व्यवस्थेत प्रकाशक, घाऊक वितरक आणि दुकानदार असे तीन मध्यस्थ असत, आणि फळीवरची जागा मोजकी असल्यामुळे लहान कर्त्याला तेथे शिरकाव मिळणे कठीण असे.

दुसरा उपाय अधिक कुतूहलजनक आहे. अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी पीसी-टॉक आणि जिम बटन यांनी पीसी-फाइल या आज्ञावली १९८२ मध्ये प्रत काढण्याची मोकळीक देऊन लोकांत सोडल्या, आणि आवडल्यास पैसे पाठवावेत अशी विनंती केली. पुढल्याच वर्षी बॉब वॉलेस यांनी पीसी-राइट ही लेखनाची आज्ञावली याच रीतीने काढली. तिच्या प्रसाराने ‘शेअरवेअर’ हे नाव रूढ झाले. वॉलेस यांची योजना विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. नोंदणी करणाऱ्या ग्राहकास क्रमांक घातलेली प्रत मिळे. त्या प्रतीची नक्कल घेऊन दुसऱ्या कोणी नोंदणी केली तर पहिल्या ग्राहकास २५ डॉलर मिळत. म्हणजे या व्यवस्थेत अडत होती, पण ती पेठेच्या मालकाला न जाता प्रसार करणाऱ्या ग्राहकाला जाई. पेठेला मालकच नव्हता. मध्यवर्ती भांडाराच्या अगदी विरुद्ध टोकाची ही व्यवस्था होय.

महाजाल सर्वत्र पोचल्यावर शेअरवेअरच्या सूची तेथे गेल्या. १९९३ पासून टुकाउज आणि १९९६ पासून डाउनलोड डॉट कॉम ही त्यांतील नामांकित स्थाने होत. तथापि ही केवळ सूचीची ठिकाणे होती. आज्ञावली उतरवून घेतल्यावर पैसे कर्त्याकडे परस्पर, किंवा काजी आणि डिजिटल रिव्हर यांसारख्या १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वसुली करणाऱ्या पेढ्यांमार्फत जात. यांपैकी काजी ही पेढी २०१६ च्या जुलैअखेर अचानक बंद पडली. शोध एकीकडे, पैसा दुसरीकडे आणि सुधारणा तिसरीकडे, अशी ती विखुरलेली स्थिती होती. ग्राहकाला याचा त्रास होता, आणि त्याहून मोठे संकट म्हणजे उतरवून घेतलेल्या वस्तूत काय दडले आहे हे कळण्यास मार्ग नव्हता.

(२) पैसा नसलेले कोठार

मध्यवर्ती भांडाराचे तंत्र प्रथम पूर्णत्वास गेले ते व्यापारात नव्हे. डेबियन या स्वयंसेवकांच्या संस्थेने लिनक्ससाठी जी रचना उभारली, तीत हजारो आज्ञावली एका कोठारात ठेवलेल्या असत. एक आज्ञावली मागितली की तिला लागणाऱ्या इतर आज्ञावलींसह ती आपोआप येऊन बसे. हे काम करणारे एपीटी हे साधन मार्च १९९९ मध्ये निघालेल्या डेबियन २.१ या आवृत्तीत प्रथम समाविष्ट झाले. कोठारातील माल खरोखर कोठाराकडूनच आला आहे याची खूण म्हणून गूढलिपीतील सही तपासण्याची सोय एप्रिल २००७ च्या ४.० या आवृत्तीत आली.

येथे वेस होती, पहारा होता, जकात मात्र नव्हती. कोणती आज्ञावली आत घ्यावयाची याचे नियम संस्थेने लिहून ठेवले होते आणि ते सर्वांस वाचावयास खुले होते. शिवाय ज्याला ते मान्य नसतील त्याला कोठाराची संपूर्ण नक्कल करून नवे कोठार उभारण्याची मुभा होती. उबुंटू ही त्याच मुभेतून २००४ मध्ये निघालेली शाखा होय. मध्यवर्ती व्यवस्था म्हणजे मक्तेदारी असे समीकरण मांडणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार केला पाहिजे. कोठार एक असणे आणि कोठारावाचून गत्यंतर नसणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या कोठारावर दुकान बांधण्याचा प्रयत्न अर्थातच झाला. मायकेल रॉबर्टसन यांनी २००१ मध्ये स्थापिलेल्या लिंडोज कंपनीने ‘क्लिक-एन-रन’ या नावाने वर्गणीचे भांडार काढले. एक कळ दाबली की आज्ञावली संगणकावर बसावी, ही कल्पना आजच्या भांडारांहून निराळी नाही. परंतु जो माल इतरत्र विनामूल्य मिळतो त्याच्या केवळ सोयीसाठी वर्गणी देणारे ग्राहक पुरेसे मिळाले नाहीत. २००६ मध्ये ही सेवा विनामूल्य झाली आणि २००८ मध्ये कंपनी झँड्रोस या दुसऱ्या कंपनीकडे गेली. उबुंटूनेही ऑक्टोबर २००९ च्या आवृत्तीत सॉफ्टवेअर सेंटर आणले आणि पुढील वर्षी तेथे मोल घेऊन विक्री सुरू केली. एप्रिल २०१६ च्या आवृत्तीत त्याची जागा दुसऱ्या साधनाने घेतली. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, तंत्र सिद्ध झाले म्हणून पेठ वसत नाही. व्यापाऱ्याला तेथे यावेसे का वाटावे आणि ग्राहकाला तेथूनच का घ्यावेसे वाटावे, याला निराळे कारण लागते.

(३) स्टीम : सक्तीने वसलेली पेठ

असे कारण प्रथम सापडले ते खेळांच्या क्षेत्रात. वॉशिंग्टन राज्यातील व्हॉल्व या कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी ‘स्टीम’ सुरू केले. आरंभी त्याचा हेतू आपल्याच खेळांच्या सुधारणा पोचविणे एवढाच मर्यादित होता. १६ नोव्हेंबर २००४ रोजी ‘हाफ-लाइफ २’ हा बहुप्रतीक्षित खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा दुकानातून पेटी आणलेल्या ग्राहकालाही स्टीमवर खाते उघडून ती प्रत तेथे जोडून घ्यावी लागली. पहिल्या दिवसांत यंत्रणेवर ताण पडला आणि पैसे देऊन आणलेला खेळ सुरू होईना, म्हणून पुष्कळांनी संताप व्यक्त केला. हा प्रसंग इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पेटी हातात असूनही मालकी हाती आलेली नाही, हा अनुभव सामान्य ग्राहकाला येथे मोठ्या प्रमाणावर प्रथम आला.

२००५ पासून इतर कर्त्यांचे खेळ स्टीमवर येऊ लागले. अडत सामान्यतः शेकडा ३० होती. पेटीच्या व्यवस्थेत तीन मध्यस्थांना देऊन कर्त्याच्या हाती जे उरे, त्याच्या तुलनेत ही अडत त्या वेळी जाचक वाटली नाही. किंबहुना लहान कर्त्यांना ती वरदानच वाटली. पेठ नांदती झाल्यावर तीच अडत भारी वाटू लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हॉल्वने १ कोटी डॉलरच्या पुढील विक्रीवर शेकडा २५ आणि ५ कोटींच्या पुढील विक्रीवर शेकडा २० असे दर ठरविले. सवलत मोठ्या व्यापाऱ्याला आणि पूर्ण दर लहान व्यापाऱ्याला, असा हा क्रम आहे. त्याच वर्षी डिसेंबरात एपिक कंपनीने शेकडा १२ अडतीचे प्रतिस्पर्धी भांडार उघडले. डेस्कटॉप संगणकावर दुसरी पेठ वसविण्यास वाव होता, म्हणूनच हे शक्य झाले.

(४) मॅक ॲप स्टोअर

आतापर्यंत ज्या भांडारांचा उल्लेख केला, त्यांत मोल घेऊन चालणारी सर्व भांडारे एका अर्थी उपऱ्यांची होती; लिंडोज आणि उबुंटू वगळता संगणकाची प्रणाली दुसऱ्याची आणि दुकान दुसऱ्याचे. प्रणाली, यंत्र आणि दुकान या तिन्हींचा मालक एकच असलेले पहिले मोठे डेस्कटॉप भांडार ॲपल कंपनीने काढले. दूरध्वनीसाठी तिने १० जुलै २००८ रोजी असे भांडार उघडले होते, आणि तेथे दुसरा अधिकृत मार्ग मुळातच ठेवलेला नव्हता. २० ऑक्टोबर २०१० रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी मॅक संगणकासाठीही तशीच योजना जाहीर केली आणि ६ जानेवारी २०११ रोजी एक हजाराहून अधिक आज्ञावलींसह भांडार सुरू झाले. पहिल्याच दिवशी दहा लाखांहून अधिक प्रती उतरविल्या गेल्याचे कंपनीने सांगितले.

भांडाराचा लाभ प्रथमदर्शनी उघड होता. ॲपलची अपर्चर ही छायाचित्रांची आज्ञावली पेटीत १९९ डॉलरांस मिळे, ती भांडारात ७९.९९ डॉलरांस आली. पिक्सलमेटर या लहान मंडळीच्या चित्रसंस्करणाच्या आज्ञावलीने वीस दिवसांच्या आत दहा लाख डॉलरांची विक्री केली. जुलै २०११ मध्ये तर ‘लायन’ ही संपूर्ण प्रणालीच प्रथम भांडारातून विकावयास काढली गेली. कौल देऊन बोलाविलेल्या उदम्यांची पहिली वर्षे सुखाची जावीत, असाच हा काळ होता.

पुढे वेशीचे नियम कडक होऊ लागले. भांडारातील प्रत्येक आज्ञावलीने ‘सँडबॉक्स’ म्हणजे आखून दिलेल्या चौकटीतच काम करावे, चौकटीबाहेरच्या फायलींना परवानगीवाचून हात लावू नये, असा नियम करण्यात आला. त्याची मुदत नोव्हेंबर २०११, मग मार्च २०१२ अशी पुढे ढकलत अखेर १ जून २०१२ ही ठरली. ग्राहकाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा नियम अयोग्य होता असे म्हणता येणार नाही. पण डेस्कटॉप संगणकावरील कित्येक उपयुक्त आज्ञावलींचे कामच मुळी सर्वत्र संचार करण्याचे असते. दुसरी अडचण व्यवहाराची होती. पेटीच्या काळापासून जुन्या ग्राहकास नवी आवृत्ती कमी मोलात देण्याचा प्रघात होता आणि लहान कर्त्याचा चरितार्थ त्यावर चाले. भांडारात त्याची सोय नव्हती. वापरून पाहण्यासाठी मुदतीची प्रत देण्याची सोयही नव्हती. तिसरी अडचण तपासणीतील विलंबाची.

परिणाम असा झाला की, नावाजलेले कर्ते वेशीबाहेर पडू लागले. बीबीएडिट ही जुनी संपादनाची आज्ञावली २०१४ मध्ये बाहेर पडली, स्केच ही रेखनाची आज्ञावली डिसेंबर २०१५ मध्ये. स्केचच्या कर्त्यांनी दिलेली कारणे वर सांगितलेलीच होती: तपासणीला लागणारा वेळ, तांत्रिक बंधने, आणि जुन्या ग्राहकांना सवलत देता न येणे. त्याच सुमारास, ११ नोव्हेंबर २०१५ रोजी, भांडाराच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि अनेक ग्राहकांच्या संगणकांवर रीतसर विकत घेतलेल्या आज्ञावली ‘बिघडलेल्या’ म्हणून सुरू होण्याचे नाकारू लागल्या. एका ठिकाणच्या चुकीचा परिणाम जगभर एकाच वेळी व्हावा, हा मध्यवर्ती व्यवस्थेचा अंगभूत दोष त्या दिवशी उघडा पडला.

हे कर्ते बाहेर पडूनही जगू शकले, ही या प्रकरणातील निर्णायक गोष्ट होय. दूरध्वनीवर बाहेर पडणे म्हणजे संपणे होते. युरोपीय संघात कायद्याच्या बळावर मार्च २०२४ मध्ये दुसरी भांडारे उघडेपर्यंत ती स्थिती राहिली. मॅकवर मात्र परस्पर विक्रीचा जुना रस्ता चालू होता. तो बंद करण्याऐवजी कंपनीने त्यावर चौकी बसविली. जुलै २०१२ मध्ये आलेल्या ‘गेटकीपर’ या योजनेने भांडारातील, ओळख पटलेल्या कर्त्यांच्या आणि कोणाच्याही, अशा तीन पायऱ्या केल्या. २०१६ मध्ये तिसरी पायरी दृष्टीआड करण्यात आली. २०१९ पासून भांडाराबाहेरच्या आज्ञावलींनीही कंपनीकडून यांत्रिक तपासणीची मोहोर घ्यावी असा नियम आला. रस्ता खुला राहिला, पण परवाना दाखवावा लागू लागला. दुसऱ्या बाजूने कंपनीलाही नमते घ्यावे लागले. १ जानेवारी २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरांच्या आत उत्पन्न असलेल्या कर्त्यांची अडत शेकडा १५ करण्यात आली. बीबीएडिट २०१९ मध्ये वर्गणीच्या रूपाने भांडारात परतली.

एपिक आणि ॲपल यांच्यातील खटल्यात मे २०२१ मध्ये याच विषयाची न्यायालयात चर्चा झाली. मॅकवर बाहेरच्या आज्ञावली चालतात, मग दूरध्वनीवर का नकोत, असा प्रश्न होता. ॲपलचे अधिकारी क्रेग फेडरिघी यांनी मॅकवरील घातक आज्ञावलींचे प्रमाण कंपनीस मान्य होण्याजोगे नाही, अशी साक्ष दिली. आपल्याच मालाविषयी असे सांगण्याची पाळी एखाद्या कारखानदारावर क्वचितच येते. वेशीचा अधिकार टिकविण्यासाठी मोकळ्या रस्त्याची निंदा करावी लागते, हे यातून ध्यानात येईल.

(५) विंडोज आणि जुन्या वहिवाटीचे बळ

मायक्रोसॉफ्टचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ बरोबर तिचे भांडार उघडले. तेथे नव्या धर्तीच्या आज्ञावलीच विकता येत. वर्षानुवर्षे वापरात असलेल्या जुन्या धर्तीच्या आज्ञावलींची फार तर नोंद आणि कर्त्याकडे जाण्याचा मार्ग एवढेच तेथे मिळे. विंडोज आरटी या प्रकारात तर बाहेरची आज्ञावली बसविण्याचा मार्गच नव्हता. ग्राहकांनी तिकडे पाठ फिरविली आणि जुलै २०१३ मध्ये कंपनीने त्या यंत्रांपोटी ९० कोटी डॉलरांचा तोटा लिहून टाकला. व्हॉल्वचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी जुलै २०१२ मध्येच विंडोज ८ हे सर्व संगणक-व्यवसायावरचे अरिष्ट आहे असे मत मांडले होते, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी स्टीम लिनक्सवर नेले. स्वतः मोठ्या वेशीचे धनी असलेल्या गृहस्थांना दुसऱ्याच्या वेशीचे भय वाटावे, यात विसंगती असली तरी त्यांचे भय निराधार नव्हते.

पुढील दहा वर्षांत कंपनी पायरीपायरीने मागे आली. २०१६ पासून जुन्या धर्तीच्या आज्ञावली बांधून भांडारात आणण्याची सोय झाली. जून २०२१ मध्ये विंडोज ११ जाहीर करताना, खेळांखेरीज इतर आज्ञावलींच्या कर्त्यांनी स्वतःची वसुलीची व्यवस्था वापरल्यास त्यांच्याकडून अडत घेतली जाणार नाही, असे सांगण्यात आले. संगणकावरील खेळांची अडतही त्या वर्षीच्या ऑगस्टपासून शेकडा १२ वर आली. ज्या प्रणालीवर तीन दशके कोणीही कोणाच्या परवानगीवाचून आज्ञावली बसवीत आला, तेथे वहिवाटीनेच एक प्रकारचा हक्क निर्माण झाला होता. मालकाला तो मोडता आला नाही.

लिनक्सच्या बाजूसही हाच वाद उपस्थित झाला, हे विशेष. उबुंटूच्या कॅनोनिकल कंपनीने २०१६ पासून ‘स्नॅप’ ही नवी पद्धत आणली. तिचे भांडार एकच आणि ते कंपनीच्या हाती. मे २०१८ मध्ये त्या भांडारातील एका आज्ञावलीत ग्राहकाच्या संगणकावर चोरून आभासी चलन काढणारा भाग दडलेला आढळला. म्हणजे वेस आहे म्हणून पहारा चोख असतोच असे नाही. जून २०२० मध्ये लिनक्स मिंट या शाखेने मध्यवर्ती नियंत्रणाला हरकत घेऊन स्नॅपची व्यवस्था आपल्या प्रणालीत मुळातूनच रोखली. डेबियनच्या परंपरेत शाखा काढण्याची मुभा किती मोलाची होती, हे येथे पुन्हा दिसून येते.

(६) ‘विकत घेणे’ या शब्दाचा अर्थ

आतापर्यंतचे विवेचन व्यापारी आणि पेठेचा मालक यांच्या संबंधाचे झाले. परंतु ग्राहकाचे काय? येथे खरा प्रश्न शब्दार्थाचा आहे, आणि त्यात आपल्याकडील न्यायनिर्णयांचाही संबंध येतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरील दुकानांतून पेटी आणणाऱ्या गिऱ्हाईकाच्या हाती एक जड वस्तू येई. तिला वस्तू म्हणावयाचे की नाही, हा वाद टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तबकडीसारख्या साधनावर उतरविलेली तयार आज्ञावली हा विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ होय, असा निर्णय न्यायालयाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी दिला. स्टीमवरील सक्तीचा वर उल्लेखिलेला प्रसंग याच महिन्यातला आहे. एकीकडे आज्ञावली माल ठरत होती आणि दुसरीकडे माल हे तिचे रूप संपत होते. पुढे २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग ॲनालिसिस खटल्यात, परदेशी कंपनीला आज्ञावलीसाठी दिलेले मोल हे लेखाधिकाराच्या वापराचे स्वामित्वशुल्क नव्हे, असे त्याच न्यायालयाने ठरविले. ग्राहकाला लेखाधिकार मिळत नाही, मिळते ती प्रत, हा त्याचा मथितार्थ. नोव्हेंबर २०१५ पासून स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या, तेव्हा आपल्याकडील हजारो तरुणांचा मध्यवर्ती भांडाराशी प्रत्यक्ष व्यवहार सुरू झाला होता. त्यांच्या हाती मात्र प्रतही उरत नव्हती; उरत होते ते खाते.

युरोपात हा प्रश्न निराळ्या रीतीने लढविला गेला. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या प्रकरणात, कायमच्या वापरासाठी तारेवाटे विकलेली आज्ञावली पुन्हा विकण्याचा ग्राहकास अधिकार आहे, असा निर्णय दिला. त्याच आधारे पॅरिसच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये स्टीमच्या ग्राहकांस तोच अधिकार मान्य केला. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिलात तो निर्णय फिरला. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून, ज्या व्यवहारात ग्राहकास केवळ परवाना मिळतो तेथे तसे स्पष्ट सांगितल्यावाचून ‘विकत घ्या’ असा शब्द वापरू नये, असे ठरविले. तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. कायद्याने वस्तुस्थिती बदलली नाही. तिला तिचे खरे नाव मात्र दिले. पोलंडमधून २००८ पासून चालणाऱ्या जीओजी या भांडाराने प्रत ग्राहकाच्या स्वाधीन करण्याची रीत ठेवली आहे. यावरून एवढे सिद्ध होते की, मध्यवर्ती भांडार आणि ग्राहकाची मालकी यांच्यात तांत्रिक विरोध नाही. जो आहे तो व्यवहारात मुद्दाम आणलेला आहे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, मध्यवर्ती भांडाराचा जय किंवा पराजय त्याच्या सोयीवर ठरला नाही. बाहेर दुसरा रस्ता आहे की नाही यावर ठरला. दूरध्वनीवर भांडार आधी आले आणि वस्ती नंतर झाली. डेस्कटॉप संगणकावर वस्ती तीस वर्षांची जुनी होती आणि भांडार मागाहून आले. दुसरी अशी की, जेथे रस्ता खुला राहिला तेथे अडतीचे दर खाली आले आणि नियम सैल झाले. ही सुधारणा घडली ती बहुतांशी बाहेर पडू शकणाऱ्यांच्या बळावर. कोणाच्या औदार्याने नव्हे. तिसरी अशी की, ग्राहकाला मात्र या चढाओढीचा लाभ अर्धाच झाला. त्याला स्वस्ताई, सुरक्षितता आणि सोय मिळाली. परंतु वस्तूवरील त्याची पकड सैल झाली, आणि या गोष्टीची जाणीव न्यायालयांना व कायदेमंडळांना फार उशिरा झाली.

आरंभी दिलेल्या पेठेच्या दाखल्याची मर्यादाही येथे नमूद करणे अवश्य आहे. जुन्या पेठेत जकात घेणारा सत्ताधीश असे, आणि त्या सत्तेपुढे फिर्याद नेण्याचा मार्गही असे. शेटे-महाजन हे निदान तत्त्वतः पेठकऱ्यांचे प्रतिनिधी असत. आजच्या भांडारांत वेस, जकात, कोतवाली आणि न्याय ही चारही कामे एकाच खाजगी मालकाकडे आहेत आणि पेठकऱ्यांचा शेटे तेथे कोणी नाही. शिवाय जुन्या पेठेतून घरी नेलेला कापडाचा तागा पेठ ओस पडली तरी घरातच राही. आज्ञावलीच्या पेठा उद्या उठल्या तर अभ्यासकांच्या हाती कोणती साधने राहतील, हा प्रश्न आपल्या शाखेलाही टाळता येणार नाही. पेटीतल्या तबकड्या निदान अडगळीत तरी सापडतात. खात्यावर जमा असलेल्या वस्तूंचे दफ्तर कोठे ठेवावयाचे आणि ते कोणी राखावयाचे, याचा विचार ग्रंथालयांनी व पुराभिलेखागारांनी पेठा नांदत्या आहेत तोवरच केला पाहिजे.